‘नीलपंख’ची मोजणी

काळाचौकी, मुंबई
१२ जानेवारी २०२५

प्रिय राजाराम,
सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा आता काय म्हणतो? मागच्या पत्रात तो पडवीची पायरीसुद्धा चढू देत नाही असं लिहिलं होतंस. वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली असेल तर आता तुझं तोंड त्यांना स्वच्छ दिसत असणार, बिचाऱ्या. शेजारच्या बुधाजीला म्हणावं, थंडीत विडी सोडली नाहीस तर खोकला तुला सोडणार नाही. गाय व्यायली का तेही कळव. आमच्याकडे जाईबाईची साखर थोडी वर आहे, जीभ मात्र पूर्वीच्याच जागी. मी ठणठणीत. कानाचं म्हणशील तर फोन जवळ नेला की मशीन शिट्टी मारतं, तेव्हा आपलं हे पोस्टच बरं.

आता काम सांगतो. मागच्या आठवड्यात तुझा प्रफुल्ल आला होता. अध्यक्ष झाल्यापासून एकटा कुठे येत नाही, मागे मंडळाची सहा पोरं. म्हणतो, “काका, तो ‘नीलपंख’ ऑर्केस्ट्रा बार बंद करायचाय. परवान्याचं नूतनीकरण आलंय, आपण हरकत टाकलीय, वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे.”

मी म्हटलं, “मग माझं काय काम? मी गाणं ऐकत नाही, मला ऐकूच येत नाही.”

“धार्मिक जागेपासून अमुक अंतरात असा बार चालत नाही, काका. सगळ्यात जवळ आपला विहार आहे. तुम्ही टेप लावून द्या, तुमच्या मोजणीला ऑफिसात अजून मान आहे.”

राजाराम, जन्मात विहाराची पायरी न चढलेली पोरं ‘आपला विहार’ म्हणाली! जाईबाई आतून बोललीच, “आता चढा तरी. पायरी तुमच्या अध्यक्षांच्या बापानेच बांधलीय.” प्रफुल्ल लाजला. चांगला आहे रे तुझा मुलगा, डोकं गरम आहे एवढंच.

मी पालिकेच्या मोजणीत बत्तीस वर्षं साखळी ओढली. टेप लावायला मला कोणी सांगितलं की माझा हात थांबत नाही. विहाराच्या उंबऱ्यापासून बारच्या दारापर्यंत दोनशे बारा फूट भरलं. नकाशा काढून वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथे एक तरुण इंजिनियर मुलगी आहे, अगदी पोरसवदा. नकाशा बघून म्हणाली, “आजोबा, सुंदर काढलाय. पण ते अंतराचं कलम कोर्टात कधीच उडालं.” प्रफुल्लचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण मोजणीवाला एक बाजू मोजून परत येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी बाजूच्या गल्लीतून बारची लांबीही घेतली होती. बाहेरून सेहेचाळीस फूट. दुपारी आत जाऊन राइस प्लेट मागवली आणि हात धुवायच्या निमित्ताने दारापासून मागच्या आरशापर्यंत चाललो. सोळा पावलं. माझं पाऊल अडीच फुटांचं, त्यात तसूचा फरक पडत नाही. झाले चाळीस. दोन्हीकडच्या भिंतींचा दीड फूट धर. साडेचार फूट कुठे गेले?

स्टेजवर एक गायिका माईक तपासत होती. मी तिला विचारलं, “बाई, हा आरसा भिंतभर कशाला?” ती खाली आली, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि ओठ हलवून हळूच म्हणाली, “काका, तिकडे बघत बसू नका.”

गल्लीतून परत येताना अजून एक दिसलं. मागच्या टोकाला भिंतीवर विटेएवढी दोन ठिगळं आहेत. तू त्या बाजूला बरीच गवंडीकामं केलीस. आत काही वेगळं बांधलंय का, तुला काही आठवतं का? लवकर लिही.

तुझा,
आनंदा

•

कुडाळजवळ
२१ जानेवारी

मित्रा आनंदा,
नमस्कार.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीची पट्टी निघाली, आता तिला भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते आणि ती मला मारायला लावते. बुधाजी विडी लपून ओढतो. गायीला पाडी झाली. गुडघा आहे तसाच.

मेल्या, या वयात टेप घेऊन बारात कसला शिरतोस? जाईबाई काही बोलली नाही? प्रफुल्लला सांग, मंडळ सांभाळ, या लोकांच्या नादाला लागू नको. हॉटेलवाल्यांचे हात लांब असतात. साडेचार फुटांचं म्हणशील तर जुन्या इमारतीत पाइप असतात, खांब असतात, माप थोडं इकडे तिकडे होतंच. मी तिकडे कधी काय केलं ते आता आठवत नाही. वय झालं.

इकडे काजूला मोहर चांगला आहे. या वर्षी तरी ये.

ती ठिगळं किती उंचीवर आहेत रे? सिमेंट जुनं काळं पडलेलं आहे की नवं? सहज विचारतो.

तुझा,
राजाराम

•

काळाचौकी
२७ जानेवारी

प्रिय राजाराम,

पाडीचं नाव काय ठेवलं ते लिहिलं नाहीस. बाकी वहिनींना आणि बुधाजीला माझा जय भीम.

माप इकडे तिकडे होतं म्हणतोस? कोणाला सांगतोस? तुझ्या ओळंब्याला आणि माझ्या टेपला आयुष्यभर एकमेकांनी साक्ष दिली. साडेचार फूट म्हणजे साडेचार.

तू विचारलंस म्हणून पुन्हा गल्लीत जाऊन आलो. दोन्ही ठिगळं माझ्या छातीच्या उंचीवर, एकमेकांपासून हातभर अंतरावर. सिमेंट करड्या रंगाचं, आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा पुष्कळ नवं. मी किल्लीने टोचून पाहिलं, दगडासारखं घट्ट.

आणि ऐक. त्या गायिकेचं नाव नम्रता. वरळीच्या बीडीडी चाळीतली. चार वाजता आपल्या चाळीखालून कामाला जाते. जाईबाईने तिला गॅलरीतून हाक मारली, “अगं ए, आमच्या म्हाताऱ्याला पाणी पाजलंस ना, वर ये, चहा घे.” दोन दिवस नको म्हणाली, तिसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या कपाला बोलली.

परवान्यात ठरावीक गायिकांचीच नावं असतात. बारचा मालक हितेंद्र शेठ ठेवतो दुप्पट. तपासणी आली की नाव नसलेल्या सगळ्या आरशामागे. आत एक बाकडं, वर छत, बस्स. मागच्या महिन्यात पोलीस दीड तास बाहेर बसले होते आणि आत आठ जणी उभ्या. नूपुर म्हणून एक मुलगी आहे, तिला दम्याचा त्रास. ती मध्येच कोसळली. नम्रताने तिच्या तोंडावर हात धरला, ओरडू नये म्हणून. हे सांगताना नम्रताने स्वतःचा हात असा समोर धरला होता, जसा दुसऱ्या कोणाचा असावा.

जाईबाई म्हणाली, “मग सांगत का नाही कुणाला?”

“सांगितलं की बार बंद, मावशी. बार बंद झाला की टाळ्या वाजवणारे घरी जातील, आम्ही कुठे जायचं? मला दुसरं काही येत नाही. मला गाता येतं.” मग माझ्याकडे वळून मोठ्याने, मला ऐकू येईल असं म्हणाली, “काका, बंद नका करू. भिंत पाडा.”

राजाराम, मी सही करायला निघालो होतो ती बंद करण्याच्या कागदावर. आता मला एवढंच हवंय. भिंत जावी आणि त्यांचं गाणं राहावं. मी प्रफुल्लला सांगितलं तर तो भडकला, “काका, तुम्ही बारची बाजू घेता?” मी म्हटलं, मी आठ जणींची बाजू घेतो, त्या नेमक्या बारात आहेत.

पण त्यांच्या तोंडून हे ऑफिसात जाणार नाही. दुसरं कोणी हवं. कोणी बांधलं ते शोधतोय. तुझ्या ओळखीत तेव्हाचे गवंडी असतील, नावं कळव.

तुझा,
आनंदा

•

काळाचौकी
१६ फेब्रुवारी

राजाराम,

वीस दिवस झाले, पत्र नाही. गुडघा जास्त झाला का? वहिनींना लिहायला सांग, त्यांना आता मुंगी दिसते तर अक्षरं दिसतीलच.

इंजिनियर मुलगी येऊन गेली. मंजूर नकाशा आणि माझं माप शेजारी शेजारी ठेवून तिने आरसा ठोकून पाहिला. शेठ म्हणाला, मागे ड्रेनेजचा पाइप आहे, फोडलंत तर वरच्या दोन मजल्यांचं पाणी तुमच्या अंगावर. तिच्याजवळ तोडायचा हुकूम नव्हता. जाताना मला म्हणाली, “आजोबा, ही भिंत बांधताना पाहिलेला एक माणूस द्या. लेखी.”

सुनावणी १८ मार्चला. मध्ये पुन्हा तपासणी झाली तर नूपुरचं काय होईल, ह्या विचाराने जाईबाई मला जेवू देत नाही. स्वतः जेवते. पत्र टाक.

आनंदा

•

कुडाळजवळ
२४ फेब्रुवारी

आनंदा,

गुडघ्याला काही झालेलं नाही. तुझी तिन्ही पत्रं उशाशी आहेत.

ती भिंत मी बांधली.

डान्स बार बंद झाले आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गिरणी जाऊन जमाना झाला होता, गवंडीकामावर घर चालत होतं. शेठचा बाप तेव्हा होता. म्हणाला, बाटल्या ठेवायला कपाट हवंय भिंतीतलं. चार दिवसांचं काम. मी ओळंबा लावला. सुताराने आरशाची चौकट आणली तेव्हा तिला कडी आतूनही होती. बाटल्यांना आतून कडी कशाला लागते, माका कळला. कळलं आणि मी काम पुरं केलं.

फक्त एक केलं. गल्लीच्या बाजूला छातीच्या उंचीवर दोन विटा काढल्या आणि जाळी लावली. शेठच्या बापाला सांगितलं, ओल धरेल म्हणून. आत कोण उभं राहील त्याच्या तोंडासमोर वारा यावा, असं माप घेतलं होतं. अठरा वर्षं मी त्या दोन भोकांवर झोपलो रे. कोणी बारचं नाव काढलं की मनात म्हणायचो, हवा आहे, जीव जाणार नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात ठिगळं वाचली. एसीची थंडी बाहेर जाते म्हणून बुजवली असणार. मी तुला उंची विचारली तेव्हा देवाला सांगत होतो, दुसरीकडची असू देत. तू छातीच्या उंचीवर लिहिलंस, हातभर अंतर लिहिलंस. माझा हात तो. आणि मग ती नूपुर.

आरशाच्या डाव्या बाजूला खालून तिसरा स्क्रू खोटा आहे. दाबला की चौकट सुटते. सोबत नकाशा काढून कागद लिहिला आहे, खाली सही केली आहे. मला काय होईल याची भीती नाही. प्रफुल्लची आहे. तो सगळ्या चाळीला घेऊन ज्या भिंतीवर चाललाय ती त्याच्या बापाची आहे. विहाराची पायरी ज्या थापीने बांधली तीच थापी होती, आनंदा.

कागद वापर किंवा फाड. तू ठरव.

राजाराम

•

काळाचौकी
२ मार्च

राजाराम,

पत्र वाचलं. जाईबाईलाही वाचून दाखवलं, आमच्यात लपवालपवी चालत नाही. ती म्हणाली, “भोकं ठेवली ना? त्यांच्या आतला माणूस मेला नव्हता म्हणायचा.” मी तुझ्यावर रागावलोय, पण ते समोरासमोर बघू. पत्रात रागावलं की शाई वाया जाते.

तुझा कागद परत पाठवतोय. दोन कारणं.

पहिलं, त्यात एक माप चुकलंय. मला लिहिलेल्या पत्रात तू म्हणतोस, कडी बघून कळलं आणि काम पुरं केलं. ऑफिसच्या कागदात लिहिलंस, ‘कशासाठी बांधतोय याची मला कल्पना नव्हती.’ हे खोड. शेठचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवील, आणि ते सोडलं तरी तुझा ओळंबा असा कधी हलला नव्हता. जसं घडलं तसं लिही.

दुसरं, मी ठरवणार नाही. दुसऱ्याच्या सहीचा कागद मी परस्पर कुठे दिलेला नाही, नोकरीतही नाही. नवा कागद लिहिलास तर माझ्या पत्त्यावर टाकू नको. प्रफुल्लच्या नावाने टाक. माझ्याकडून कळण्यापेक्षा बापाकडून कळू दे. त्याचं डोकं गरम आहे, पण ते तुझंच आहे. थंड व्हायला थोडा वेळ दे.

टपालाला पाच दिवस लागतात. सुनावणी १८ ला आहे.

वहिनींना सांगितलंस का? आधी त्यांना सांग. पाडीचं नाव अजून लिहिलेलं नाहीस.

आनंदा

•

काळाचौकी
२३ मार्च

प्रिय राजाराम,
सप्रेम जय भीम.

वहिनी कशा आहेत? बुधाजी? पाडी दूध पिते ना नीट? जाईबाईची साखर उतरली, डॉक्टर म्हणतो औषधाने, ती म्हणते शेठचं तोंड बघून. आता सगळं सांगतो, कारण तुझा मुलगा काही तुला सांगणार नाही, तो तुझ्याचसारखा.

तुझं पत्र मला आलं नाही. प्रफुल्लला आलं का, हे मी विचारलं नाही. चार दिवस तो चाळीत दिसला, पण माझ्या दारावरून मान खाली घालून गेला. मी जाईबाईला म्हटलं, आलंय.

१८ ला ऑफिसात आम्ही सगळे. मंडळाची पोरं, शेठ, त्याचा वकील, मागच्या बाकावर नम्रता आणि नूपुर तोंडाला ओढणी बांधून. वकिलाने पाइपाची गोष्ट सांगितली. छान सांगितली, मला अर्धी ऐकू आली तरी पटत आली होती. मग साहेबांनी विचारलं, “हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं? विहाराचं अंतर सोडून काही आहे?”

प्रफुल्ल उभा राहिला. “आहे साहेब. माझ्या वडिलांचा कागद आहे. ती भिंत त्यांनी बांधलीय.”

मागे पोरांमध्ये कुजबुज झाली असावी, कारण सगळ्यांची डोकी एकदम वळली. तो वाचत गेला. ‘कडी आतून होती हे पाहून मला कळलं आणि तरी मी काम पुरं केलं’ इथे थांबला. साहेबांचा शिपाई पाणी घेऊन पुढे आला. प्रफुल्लने ते घेतलं नाही. तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं, मशीनशिवाय ऐकू आलं असतं.

त्याच दुपारी हुकूम घेऊन सगळे बारात. इंजिनियर मुलगी आरशापुढे गुडघ्यावर बसली, डावीकडचा खालून तिसरा स्क्रू दाबला. तुझी चौकट अठरा वर्षांनीही बिनआवाज सुटली. कोणी काही बोलायच्या आत ती आत शिरली आणि म्हणाली, “लावा बाहेरून. एक मिनिट.” शेठ म्हणाला, मॅडम कशाला. ती म्हणाली, लावा. मी घड्याळ धरलं. चाळिसाव्या सेकंदाला आतून थाप आली. बाहेर आली तेव्हा घामाने चेहरा भिजला होता. तिने शेठकडे बघितलंसुद्धा नाही, कागद मागितला आणि उभ्याउभ्या लिहायला लागली.

भिंत दुसऱ्याच दिवशी पाडली. जोवर ती पडत नव्हती तोवर परवाना अडकवून ठेवला होता. आता नूतनीकरण अटींवर आहे. जितक्या गाणार तितक्यांची नावं परवान्यात, यादी दारावर. एका रात्री सगळ्यांना एकदम गायची परवानगी नाही, म्हणून बायकांनी आपसात वार वाटून घेतले. नम्रताला सहाच्या जागी चार वार मिळतात. मी विचारलं, “परवडतं का गं?” म्हणाली, “ओढाताण आहे, काका. पण दारावर माझं नाव आहे. काल आईला आणून दाखवलं.” नूपुर दोन वार गाते. तिचा आवाज तिच्यापेक्षा मोठा आहे, असं जाईबाई म्हणते. मी काय सांगणार.

पोरांपैकी दोघं अजून प्रफुल्लशी बोलत नाहीत. बंद व्हायला हवा होता म्हणतात. एक जण तुझ्याबद्दलही बोलला. प्रफुल्ल त्याला एवढंच म्हणाला, “माझ्या बापाने सही केलीय. तुझ्याकडे असं काही असेल तर तूही कर.”

आता मुख्य काम. त्या साडेचार फुटांत बायकांना कपडे बदलायची खोली करायची आहे, ऑफिसची अट आहे. गल्लीच्या भिंतीला दोन खिडक्या, प्रत्येकी दीड फूट रुंद, चार फूट उंच. खर्च शेठचा. गवंडी कोण आणायचा यावर बोलणं चाललं होतं, तर नम्रता म्हणाली, “ते भोकंवाले काका येतील का? वारा कुठून येतो ते त्यांना ठाऊक आहे.”

मी म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतो. तर तुझा प्रफुल्ल, मघापासून कोपऱ्यात उभा होता, म्हणाला, “बसून सांगतील, हात मी लावीन.” आज सकाळी माळ्यावरून तुझी जुनी थापी काढून गॅलरीत घासत बसला होता. मला बघून म्हणाला, “गंजली नाही, काका.” ह्यापुढे मी तुला काय लिहू?

वाळू येऊन पडली आहे. खिडकीच्या चौकटी गुरुवारी येतात. तू कुठल्या गाडीने येतोस, वहिनींना आणतोस का, आणि पाडीचं नाव काय, ही तिन्ही उत्तरं एकाच कार्डावर लिहून उद्याच्या उद्या पेटीत टाक. तोवर मी कोणाला गल्लीच्या भिंतीला हात लावू देत नाही.

तुझा,
आनंदा